डबा, ड्रम, वाटी

१. धामणगाव स्टेशन. गाडी थांबलेली, खाली रूळ कोरडे. डब्याच्या पोटाला शौचालयाची स्टीलची टाकी.

२. टाकीतलं विरजण ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं जमवलेलं. सगळे सूक्ष्मजीव हवेविना जगणारे. पहिले मैला फोडतात, दुसरे त्याची आम्लं करतात, तिसरे आम्लांतून ॲसिटेट आणि हायड्रोजन काढतात, चौथे त्यांचा मिथेन करतात. हायड्रोजन साचला की तिसऱ्यांचंच काम अडतं. चौथे तो निघाल्या निघाल्या खातात, म्हणून तिसरे जगतात.

३. टाकी तुंबते ती पाण्याच्या बाटलीनं आणि खर्ऱ्याच्या पन्नीनं. चौघांपैकी कोणीच त्यांना शिवत नाही.

४. कृषी केंद्र. बाटलीवर ‘एनपीके कन्सोर्शिया’. एक हवेतला नत्र धरणारा, एक स्फुरद विरघळवणारा, एक पालाश मोकळा करणारा.
‘तिघं भांडत नाहीत का?’
‘झाकण उघडेपर्यंत तरी नाही भाऊ.’

५. जिवाणू खताच्या पाकिटावर: थंड जागी ठेवा. पाकीट टिनाच्या शेडमध्ये. महिना मे.

६. सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरत नाही. सोयरीक ठरलेली. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यांत शेवटी. मानपान चुकला तर पाहुणाच मरतो.

७. जीवामृत. सांगणारे सुभाष पाळेकर आपल्याच जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास, अधूनमधून काठीनं ढवळायचं. एका एकराला एक ड्रम. आत कोण कोण आहे, कोणी हजेरी घेत नाही.

८. प्रयोगशाळेत मात्र हजेरी असते. एकाच जिवाणूवर सगळी कामं लादली की तो वाढेनासा होतो, म्हणून कामं दोघांत वाटतात. मग वेगानं वाढणारा दुसऱ्याला बुडवतो. त्यावर तोड: दोघांचंही एकेक जरुरीचं अमिनो आम्ल बनवायचं बंद करायचं. ह्याला लागणारं त्याच्याकडं, त्याला लागणारं ह्याच्याकडं. बुडवणं परवडत नाही.

९. कारखान्यातल्या योगर्टमध्ये मुख्य दोघंच. एक दुधातली प्रथिनं तोडून देतो, दुसरा बदल्यात फॉर्मिक आम्ल.

१०. शेजाऱ्यांशी धुऱ्यावरून वाद, बोलणं बंद. काल आमचं विरजण संपलं. वाटी भिंतीवर ठेवली. सकाळी भरलेली होती.