चालता संगणक मोडीत का काढायचा?



विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, अन् ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या तिवशातल्या घरात दोन पक्ष पडले. नातू म्हणे, नवाच घेऊ. सूनबाई म्हणे, "आई, चालून राह्यला ना तो, मंग कायले?" 2016 चा संगणक, घरखर्चाचा हिशोब, लग्नाचे फोटो, सगळं त्यावरच.

दोघांचंही अर्धंच बरोबर. त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येत नाहीत. अशा संगणकावर हिशोब खुशाल लिहा, बँकेचे व्यवहार नको. विंडोज 11 फुकट आहे, पण त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्यात तो नाही.

मी बी.कॉम. झालेली. आयकरात धंद्यातल्या संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा धरतात. त्या मापाने नऊ वर्षांत रुपयाचा जेमतेम पैसा उरतो. पण वहीतली किंमत गेली म्हणून टेबलावरची वस्तू जात नाही, असं माझं मत.

घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत दुरुस्त्यांची मुदतवाढ आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करायची. आम्ही केली, आणि फोटो दोन पेन ड्राइव्हवर काढून ठेवले.

पुढे लिनक्स घालून बघू, असं नातू म्हणतो. घाल म्हटलं, पण आधी त्यात मराठी टाइप करून दाखव.