सफरचंदांचा फड

आमच्या बीडकडचा शरद हा पानगळीचा ऋतू नव्हे. पावसाळा सरतो, आभाळ धुतल्यासारखे निवळते, ज्वारीसाठी पाभर रानात फिरू लागते आणि घट बसतात. पाने गळायची ती पुढे शिशिरात. शरदात आमच्याकडे रिकामी होतात ती गावे. दसरा झाला की सिंदफणेकाठच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, शेळी, कोंबड्या, लेकरे असा सारा संसार त्यांत चढतो आणि ऊसतोडीला निघून जातो, तो परतायचा पाडव्याच्या आगेमागे. मी शिरूर कासारची लेक. ओंटारियोतील मेपलची झाडे ऑक्टोबरात लालकेशरी होतात, तेव्हा इथल्या लोकांसारखा निखळ आनंद मला होत नाही, तो यामुळेच असावा.

२०१८ साली आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे ब्रॅम्प्टनला आले होते. आईला जाऊन वर्ष झाले होते. शिरूरच्या घराला कुलूप लावून ते आले होते आणि आता त्यांनी आमच्याजवळच राहावे, अशी माझी व माझ्या यजमानांची मनापासून इच्छा होती. हा विषय काढला की आप्पा नातवाला बाराखडी शिकवायला बसत. लेकीच्या घरी कायमचे राहण्याचा संकोच असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. परतीचे तिकीट नोव्हेंबरअखेरचे होते. तोवर मन वळवता येईल असे वाटत होते.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार हा कॅनडात सुगीच्या कृतज्ञतेचा सण. १९५७ सालापासून तो याच दिवशी पाळला जातो. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही उत्तरेला मिडलंडला गेलो. तेथे १९२६ मध्ये बांधलेले हुतात्म्यांचे तीर्थमंदिर आहे. फ्रान्सहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३९ मध्ये या भागातील वेन्डाट लोकांत आपले ठाणे वसवले. दहा वर्षांनी, १६४९ च्या मार्चमध्ये, इरोक्वा योद्ध्यांनी संत जाँ द ब्रेबफ आणि संत गाब्रिएल लालमाँ यांना छळून ठार केले. त्याच वर्षी उरलेल्यांनी ते ठाणे स्वतःच्या हातांनी जाळले आणि ते तेथून निघून गेले. हुतात्म्यांच्या कथेपेक्षा आप्पांचे मन या शेवटच्या गोष्टीतच अडकले. “आपलं घर आपल्याच हातानं पेटवायचं,” ते मला म्हणाले, “कसं झालं असंल गं जिवाला!” वेदीपुढे ते बराच वेळ गुडघे टेकून होते.

परतताना वाटेवरच्या एका सफरचंदांच्या बागेत थांबलो. पैसे भरायचे, पिशवी घ्यायची आणि आपल्या हातांनी फळे तोडायची, अशी इथे पद्धत आहे. सुटीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. माझा मुलगा झाडाझाडांतून धावत सुटला. थोड्या वेळाने पाहते तो आप्पा दिसेनात. शोधत गेलो, तर ते बागेच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पाहुण्यांना जायचे नसते, तिथे उभे. सात-आठ कामगार शिड्यांवर होते. छातीवर बांधलेली झोळी भरली की उतरायचे, ती लाकडी खोक्यात हलकेच रिकामी करायची, पुन्हा वर चढायचे. आप्पा हात मागे बांधून पाहत होते. असे काम पाहण्याची नजर गावाकडच्या माणसालाच असते.

“कितीक महिने राहतेत इथं? ईचार बरं,” आप्पांनी नातवाला सांगितले. खोक्यापाशी उभा असलेला माणूस जमैकाचा होता. सहा महिने झाले, महिनाअखेर परत जाणार, असे तो म्हणाला. बायको आणि तीन मुले घरी; त्यांना आणण्याची परवानगी नसते. अकरा वर्षे असेच चालले होते. या योजनेची सुरुवातच १९६६ साली जमैकाहून आणलेल्या २६४ मजुरांपासून झाली. १९७४ पासून मेक्सिकोचे मजूरही येऊ लागले. जास्तीत जास्त आठ महिने राहायचे, मग परत.

आप्पांनी वाकून, डाव्या हाताने काहीतरी मुठीत धरून, उजव्या हाताने बुडापाशी घाव घालून दाखवला. तो माणूस मोठ्याने हसला. त्याचे वडील ऊसच तोडत. (१८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, ते याच जमैकात आणि याच उसासाठी!) भाषेवाचून दोघांचे चांगले पाच मिनिटे चालले होते. मग मुकादमासारखा कोणी आला आणि आम्ही निघालो.

गवतावर बसून डबा उघडला, तेव्हा आप्पा बोलू लागले. त्यांचे आईबाप नगरकडच्या कारखान्यांवर तोडीला जात, हे मला ठाऊक होते. आप्पा मात्र कधीच गेले नव्हते. शाळा बुडू नये म्हणून माईने त्यांना म्हाताऱ्या आजीपाशी गावात ठेवले. “दोघं जणं मिळून एक कोयता. उचल घेतलेली, जावंच लागायचं. ट्रक हालला की मी वेशीपातूर पळायचो. मग पाडव्यापातूर माय दिसायची न्हाई. आजी हुती, म्हणून शिकलो.” सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हे सांगताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

“त्या माणसाची पोरं बी अशीच असतील,” मी म्हटले.

“असतील की.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “शेजारच्यांचा फोन आलता आठ दिवसांखाली. औंदा पाऊस न्हाई, नवराबायको दोघं बी चाललेत. थोरली सातवीला हाय, धाकटा चौथीला. हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय व्हईल, पण रातच्याला लेकरं कुणापाशी निजायची? आप्पा, तुम्ही येताव का, म्हणून ईचारीत हुते. मी अजून जबाब दिला न्हाई.”

मी काहीच बोलले नाही. माझ्या मनात जे जे मुद्दे तयार होते, थंडीतली गरम खोली, दवाखाना, नातवाचा लळा, ते सगळे खरे होते आणि त्या वेळी एकही सांगता येईना. नातू आजोबांच्या मांडीवर डोके ठेवून सफरचंद खात होता. त्याच्या केसांतून हात फिरवत आप्पा माझ्या यजमानांना म्हणाले, “जावईबापू, तिकीट अलीकडं घेता येतं का बघताव का जरा? दसऱ्याच्या आत पोचायला पायजे.”

१४ तारखेचे तिकीट मिळाले. तारीख बदलण्याचे पैसे आप्पांनी हट्टाने आपल्या पेन्शनमधून दिले. त्यांना विमानतळावर सोडून आलो, तेव्हा आमच्या दारचा मेपल पुरता झडला होता. नातवाने तोडलेली सफरचंदे आम्हाला महिनाअखेरपर्यंत पुरली.