दोन भाषांची बाकी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रोग्रामविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. निमित्त घरचेच आहे. बाबा मोहगावचे, मराठी, आई कन्नड. मी बेळगावात मराठी शाळेत शिकलो. आईचे कन्नड बोलतो, वाचतो मात्र अडखळत. आई मराठी बोलते, पण वाचू शकत नाही. तिच्या पापडाच्या उद्योगाची वही कन्नडमध्ये असते.

सुटीत मोहगावला आत्याकडे गेलो. आत्याच्या मुलाने, दादाने, संत्र्यांच्या हिशेबासाठी क्लोजर भाषेत प्रोग्राम केला होता. या भाषेत जुने मूल्य सहसा बदलत नाहीत, नवे तयार करतात. आमच्या जमाखर्चातही चुकलेली नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची नवी नोंद घालायची असते. मला ते चटकन पटले.

"दादा, आईसाठी हा कन्नडमध्ये करून देशील?"

"तूच कर," तो म्हणाला.

प्रोग्रामची जुळणी करणारे साधन म्हणजे लाइनिंगन. पूर्वीच्या अशाच एका साधनाचे नाव 'अँट', म्हणजे मुंगी. म्हणून २००९ साली आलेल्या या साधनाला कार्ल स्टीफन्सनच्या कथेतील, मुंग्यांशी झुंजणाऱ्या मळेवाल्याचे नाव मिळाले. बागेत बसून हे ऐकताना गंमत वाटली.

दादाने त्याला एक प्लगइन जोडले होते. जुळणीपूर्वी ते मराठी शब्दांची फाईल तपासत असे. प्लगइन म्हणजे एक फंक्शन. प्रकल्पाची सारी माहिती प्रथम त्याच्या हाती येते. त्या माहितीत मी भाषांची यादी घातली आणि प्रत्येक भाषेची फाईल तपासायला लावली. कन्नड शब्द नसेल तर मराठी घ्यावा, अशी सोयही केली. स्वतःवर खूश झालो.

बेळगावला आई भराभर वाचत गेली आणि एका ओळीशी थांबली. तिथे 'देणे' होते.

"इथे काय लिहिलंय? वाचून दाखव."

दुकानांच्या पावत्यांवर बोट ठेवून ती आजवर हेच विचारत आली होती. आता माझ्याच प्रोग्रामने तिला ते विचारायला लावले.

त्या रात्री ती सोय काढून टाकली. आता एकही शब्द राहिला, की प्लगइन राहिलेल्या शब्दांची यादी देते आणि जुळणी थांबवते. पहिल्याच यादीत सात शब्द निघाले. मला ते येत नव्हते. आईने वही ओढून सावकाश लिहून दिले: बरबेकाद बाकी, कोडबेकाद बाकी. यायचे आणि द्यायचे. त्यातला 'बाकी' तेवढा मला न अडखळता वाचता आला.