काळी पाच

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दोन-तीन वर्षांतून एकदा आत्याच्या तंबोऱ्याची जवारी काढायला माणूस यायचा. त्या दिवशी आत्या शाळेतून अर्धी रजा घ्यायची. तंबोरा मिरजेचा. तो माणूस घोडी उतरवायचा, तिच्या पाठीवरून कानस फिरवायचा, परत चढवायचा, तारेखाली रेशमाचा दोरा सरकवायचा आणि कान लावून बसायचा. मान हलवून पुन्हा उतरवायचा. यात दुपार व्हायची. "वाद्य तर तेच आहे, मग एवढं घासायचं कशाला?" मी एकदा विचारलं. आत्या म्हणाली, "घोडी बसली नाही तर तंबोरा नुसता वाजतो गं, बोलत नाही."

आत्या सुरसागरसमोरच्या संगीत महाविद्यालयात शिकलेली. सयाजीराव महाराजांनी 1886 साली गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा ती हीच. पुढे ती शाळा महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ बडोद्यातच जन्मले आणि 1910 साली इथलं गाणं घेऊन पश्चिमेकडे गेले. संस्थानात गवयांसाठी चक्क 'कलावंत कारखाना' नावाचं खातं होतं, आणि भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 साली भरवली तीही बडोद्यातच. आजोबांनी दरबारगवई फैयाझ खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं. अशा घरात मी चौदाव्या वर्षी गिटार मागितली.

बाबा गप्प राहिले. आत्यानं मात्र कपाटातून 'कॉल ऑफ द व्हॅली'ची तबकडी काढली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि आपले अहमदाबादचे ब्रिजभूषण काब्रा, 1967 सालची. काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारेवरून पट्टी सरकवली आणि तिच्यातून मींड काढली. तबकडी संपल्यावर आत्या बाबांना म्हणाली, "पेटीसुद्धा साहेबाच्याच देशातून आली होती, दादा. घे तिला."

1991 साली बाराशे रुपयांना गिटार आली. कोलकात्याहून बडोद्यात आलेल्या गिटारींच्या रांगेतून मी ती निवडली ती रंग पाहून. मधे मधासारखी पिवळी, कडेला जवळजवळ काळी. हातात घेऊन तार दाबून पाहावी, हे मला कोणी सांगितलं नाही. दुकानदारानंही नाही. बाबांची त्या महिन्याची ओढाताण मला माहीत होती, म्हणून घरी आल्यावर मी हूं की चूं केलं नाही. पण तारा इतक्या उंच होत्या, की दांड्यावरच्या मधल्या पट्ट्यांपाशी दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून खाली सरकवता यायची. साधा सी वाजवताना बोटांच्या टोकांना चरे पडायचे. एफला तर पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. ते मी दोन महिने दाबलं, आणि दोन महिने त्यातून लाकडावर टिचकी मारल्यासारखा मुका आवाज आला. तिसऱ्या महिन्यात गिटार पलंगाखाली गेली. घरात सगळे धरून चालले की पोरीचा नाद ओसरला. मीही तेच मानलं. माझ्या बोटांत ते नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्या वयात स्वतःला सांगितलेली गोष्ट किती खोल बसते!

तिला पलंगाखालून आत्यानंच काढलं. तिनं एक तार दाबून पाहिली, बोट झटकलं आणि म्हणाली, "चप्पल घाल."

रावपुऱ्यातल्या एका बोळात पेट्या आणि सतारी दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका बसत. त्यांनी गिटार हनुवटीला टेकवून एक डोळा मिटला आणि बंदुकीचा नेम धरावा तसं दांड्यावरून आरपार पाहिलं. मग म्हणाले, "गिटार खराब नथी, बेन. घोडी ऊंची छे, बस."

त्यांनी तारा सैल केल्या. घोडीच्या खाचेतली पांढरी पट्टी पकडीनं हलकेच उपसून काढली. जेमतेम बोटभर लांबीचा तो तुकडा. पट्टीच्या खालच्या अंगाला शिसपेन्सिलीनं एक रेघ मारली. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पालथा न घालता, खरखरीत बाजू वर ठेवून, त्यावर ती पट्टी उभी धरून घासू लागले. वर नाही, खालून. वरची गोलाई तशीच राहिली पाहिजे. पाच-सात हात मारले की पट्टी उजेडात धरून बघायचे, फुंकर मारायचे, पुन्हा घासायचे. पांढरी पूड पॅंटवर पडत होती. मधेच मला म्हणाले, इथे दोन मिलिमीटर काढले की मधल्या पट्ट्यांपाशी तार एकच मिलिमीटर खाली येते, म्हणून हात आवरून घासायचं. काढलेलं परत लावता येत नाही. मग दुसऱ्या टोकाच्या, खुंट्यांकडच्या पट्टीतल्या खाचा बारीक कानशीनं जराशा खोल केल्या. पहिल्या पट्टीवर बोटाला होणारा त्रास तिथून येत होता.

तारा चढल्या. मी एफ धरला. सहाही तारा बोलल्या.

काकांनी पंधरा रुपये घेतले. आत्या त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जवारीच काढली की हो."

पुढची वर्षं भराभर गेली. फतेहगंजच्या बाजूला कॉलेजात, पायऱ्यांवर बसून आम्ही 'यादों की बारात'मधली गाणी वाजवायचो. 1973च्या त्या सिनेमात गिटार वाजवली होती ती भूपिंदर सिंग यांनी, हे मला फार उशिरा कळलं. नवरात्रीत नऊ रात्री पायांना गरब्याशिवाय काही सुचायचं नाही, पण दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जलेबी झाली की मी गिटार मांडीवर घ्यायची. त्या गिटारीच्या दांड्यात बाक कमी-जास्त करणारी सळई नव्हती. सहा पोलादी तारा मिळून सत्तरेक किलोंची ओढ लावतात, आणि त्यात बडोद्याचा मे महिना. ती सोसत राहिली. दर उन्हाळ्याआधी मी तारा अर्धा सूर उतरवायची.

2024च्या जन्माष्टमीला विश्वामित्री नदी घरात शिरली. आम्ही तोवर समा भागात तळमजल्यावर राहायला आलो होतो. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा पहिल्यांदा आत्याला वरच्या मजल्यावर नेलं, मग तंबोरा कपाटावर चढवला, मग कागदपत्रं, धान्य, गॅस. गिटार पलंगाखाली होती. त्या धावपळीत तिचं नाव माझ्याही तोंडी आलं नाही. तिसऱ्या दिवशी चिखलातून ओढून काढली तर पोट फुगलेलं, घोडी उचकटलेली, लाकडाचे पातळ थर ओल्या पुठ्ठ्यासारखे एकमेकांपासून सुटलेले. मी ती गच्चीत उन्हात ठेवली. वाळून काही होणार नाही हे ठाऊक असून ठेवली.

मग भाची मला म्हणाली, "आत्या, मला गिटार शिकायचीय." ती तेरा वर्षांची.

भावानं दहा हजार काढून दिले. दुकानात तिचे डोळे गेले ते काळ्या चकचकीत, खांदा कापलेल्या गिटारीवर. मी नाही म्हटलं नाही. मांडीवर घे म्हटलं. दुकानदार भला माणूस होता. "हाथमां लो तो खबर पडे," म्हणाला आणि स्टूल पुढे केलं. मी तिच्या उजव्या खांद्याकडे बघत होते. मोठ्या पोटाच्या गिटारीला हात घालताना तो वर चढला तर अर्ध्या तासात मान आखडते. मग पहिल्या पट्टीवर तार दाबायला लावली. मग बाराव्या पट्टीजवळ मोजलं. तिथं सहाव्या तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर जागा असली की कोवळी बोटं रमतात. त्याहून खाली आली तर तार खरखरते, वर गेली तर बोट रुसतं. काळी तिथं हरली. सुराचंही तसंच: बाराव्या पट्टीवर तार नुसती शिवून येणारा घंटेसारखा सूर आणि तिथंच दाबून येणारा सूर, हे दोन्ही एकच हवेत; ते नसतील तर कितीही जुळवा, वर गेलं की बेसूर.

अखंड लाकडाच्या तोंडाची एक गिटार दुकानदारानं दाखवली. आवाज खरंच भरलेला. लाकूड एकसंध असलं की मोकळं थरथरतं आणि वर्षांगणिक खुलत जातं. पण त्या पैशांत तिचा दांडा मला पटला नाही, आणि आमच्याकडे मेमध्ये त्रेचाळीस अंश, जुलैत भिंतींना पाझर. अखंड लाकडाला ते जपावं लागतं. थरांच्या लाकडाचा आवाज थोडा कमी, पण ते मुकाट निभावून नेतं. पहिली गिटार सरळ दांड्याची असावी, आवाजाची हाव दुसऱ्या गिटारीला ठेवावी, असं माझं मत आहे.

शेवटी यामाहाची एफ310 तिच्या हातात बसली. साधी, लाकडाच्याच रंगाची. तार 634 मिलिमीटरची, नेहमीच्या मोठ्या गिटारीहून थोडी आखूड, त्यामुळे डाव्या हाताला पट्ट्या जवळ येतात. तिनं डोळे मिटून एकच तार बराच वेळ छेडली. काळीकडे पुन्हा पाहिलं नाही. मी वरचे पैसे घातले आणि पातळ, अकराच्या तारा चढवून मागितल्या.

संध्याकाळी आत्या पलंगावर बसून होती. हल्ली तिच्यानं गाणं होत नाही, पण दिवेलागणीला तंबोरा लावल्याशिवाय ती राहत नाही. गायची पट्टी अजून तीच, पेटीवरची काळी पाच. भाचीनं गिटार जुळवली आणि शेजारी येऊन बसली, तर दोन्हींचं जमेना. गिटारीची पाचवी तार पांढरी सहाची. मी तारा दाबून धरणारा चिमटा, कॅपो, काढून पहिल्या पट्टीवर लावून दिला; सगळ्या तारा अर्धा सूर चढल्या.

"आता पाचवी छेड."

तिनं छेडली. ती तंबोऱ्याच्या खर्जावर जाऊन बसली. मग सहावी, ती पंचम. आत्याची बोटं तारांवर थांबली नाहीत, फक्त मान वळली.

"आत्याआजी, बरोबर आहे?"

"चौथी सोड," आत्या म्हणाली. "ती मध्यम आहे. या दोनच वाजव."