तांबडी

माथेरानच्या बाजारातून शार्लोट तलावाकडे उतरणाऱ्या वाटेला मी तांबडी म्हणतो. तिची पहिली ओळख पायाला होते, डोळ्यांना नंतर. पांढरे बूट घालून आलेल्या मुंबईकरावर तिचा विशेष लोभ. पहिल्या वळणापर्यंत बूट तिचे, दुसऱ्यापर्यंत पायमोजे, आणि तलाव दिसेपर्यंत विजारीच्या मुडपलेल्या घड्यासुद्धा तिच्याच. घोड्यांची एक रांग शेजारून दुडकत गेली की नाकपुड्यांचाही ताबा घेते. घरी नेऊन धुतलं, तरी दोन-तीन पाणी लालच निघतं.

हा रंग तिला माहेरून मिळालेला. माथेरानचं डोकं जांभ्याचं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर लाखो वर्षं पाऊस कोसळत राहिला, कातळातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून गेलं आणि लोखंड तेवढं गंजून मागे राहिलं. तांबडीच्या अंगावर उडते ती ही गंजाची भुकटी. जून ते सप्टेंबर हाच पाऊस तिला पुन्हा सोलून काढतो. माती खाली दरीत जाते, वर नुसते धोंडे आणि झाडांची उघडी मुळं राहतात. मग कुठे कडेला दगड रचायचे, कुठे पाणी अडवायला आडवे दगडी बांध घालायचे, खळगे भरायचे. डागडुजी संपते तोवर हंगाम सुरू होतो आणि घोड्यांचे खूर ती माती पुन्हा मोकळी करतात. तिची तब्येत ही अशी, कायम थोडी बरी, थोडी बिघडलेली.

स्वभावाने ती वळणाची. समोर अंजनीचं झाड आलं की वाद न घालता बाजूने निघते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांनी डोक्यावर अशी दाटी केलेली असते, की मेच्या भर दुपारीही तिच्या अंगावर उन्हाचे कवडसेच पडतात. अंजनीला बहर येतो तेव्हा फांद्यांना चिकटून निळसर-जांभळी फुलं लगडतात. खाली लाल आणि वर निळं, असा भडक पेहराव तिलाच शोभतो. माकडांशी मात्र तिचं संगनमत आहे, याबद्दल माझी खात्री आहे. चिक्कीची पिशवी हातात लोंबकळत ठेवणारा माणूस नेमका अरुंद वळणावरच कसा गाठला जातो?

कागदोपत्री तिचं वय 1850 पासून मोजतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने वर चढले, आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. इथले धनगर, ठाकर, कातकरी त्याआधी डोंगरावर काही उडत फिरत नसतील. मॅलेटनंतर गव्हर्नर आले, बंगले आले. 1907 मध्ये आदमजी पीरभॉयांची छोटी आगगाडी नेरळहून धापा टाकत वर पोचली. कड्यांना नावं पडली ती लुईझा, लॉर्ड, इको अशी. तलावाचं नाव शार्लोट झालं. तलावाकाठचा पिसारनाथ तेवढा आपल्या जुन्या नावानिशी बसून राहिला, आणि तांबडी दोघांकडेही जाते. शार्लोट पाहायला निघालेला माणूस पिसारनाथाला हात जोडूनच परततो.

तिची मुख्य अट चाकाची. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे मुख्यतः पाय किंवा घोडा. हा नियम जुनाच. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आणि त्याला आणखी बळ आलं. त्यामुळे तांबडीवर मूल हात सोडून पळालं तरी आईचा जीव खाली-वर होत नाही. मागून हॉर्न वाजत नाही. गड चढायला लागते तशी छाती इथे लागत नाही. गुडघे बरे असतील तर सत्तरीतली माणसंही गप्पा मारत तलाव गाठतात. म्हणून तिच्याबद्दल सगळे म्हणतात, किती सोपी वाट, कुणीही चालावं.

हे ‘कुणीही’ मात्र पूर्ण खरं नव्हे. ज्यांचे गुडघे बरे नाहीत, त्यांना इतकी वर्षं माणसांनीच ओढून नेलं. हातरिक्षा म्हणजे पुढे एक जण ओढायला, मागे एक-दोघे. चढाला मागच्यांनी रेटायचं, उताराला मागेच खेचून धरायचं. धोंड्यावर चाक अडलं की सगळ्यांचे खांदे एकदम ताठ व्हायचे. एका वळणावर एक आजी चढ आला म्हणून संकोचाने खाली उतरू लागल्या, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, “बसा आजी, तुम्ही उतरलात की भाडंबी उतरतं.” आजी बसल्या, पण पदराने तोंड पुसत राहिल्या. दोघांचंही बरोबर होतं, आणि तांबडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. मग ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवायला सांगितल्या आणि गुजरातेतल्या केवडियासारखी योजना आखून ओढणाऱ्यांच्याच हाती ई-रिक्षा द्यायला सांगितल्या. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नको, असंही ठरवून दिलं. माणसाने माणसाला ओढणं थांबायलाच हवं होतं, फार उशीर झाला. ब्लॉकच्या बाबतीतही मी न्यायालयाच्या बाजूचा. तांबडीवर ब्लॉक बसले तर पावसाचं पाणी मुरायचं थांबेल, कडेने ओहोळ काढून ती निम्मी दरीत जाईल, आणि घोडे घसरतील ते वेगळंच. पण माती राखायची म्हणजे तिला तिच्या नशिबावर सोडायचं नव्हे. नीट कुटलेली, बाजूला पाणी काढून दिलेली, धोंडे उचललेली मातीची वाट व्हीलचेअरला पुरते. त्याला सिमेंट लागत नाही. दर दिवाळीनंतर इमानाने काम करणारे हात लागतात, आणि त्यांची मजुरी. उद्घाटनाची फीत कापायला ब्लॉक बरे पडतात, हे मान्य. कुटलेल्या मातीचं उद्घाटन कोण करणार?

पावसाळ्यात तिला भेटाल तर ती वेगळीच बाई असते. लाल पाणी तिच्या अंगावरून पळत असतं, धुकं दहा पावलांवरची माणसं गिळून टाकतं, आणि आत कुठेतरी शीळकरी कस्तूर शीळ घालत असतो, ऐन पहाटे मुलाने उनाडत शीळ घालावी तशी, कसलाही सूर धरून न ठेवता. तलाव बांधावरून सांडतो तेव्हा चालणाऱ्यांचा आवाजच त्याच्या आवाजात बुडतो. त्या दिवसांत ती गावची असते. शाळकरी पोरं, दूधवाले, घोड्यांना खरारा करायला नेणारे.

शार्लोटपाशी ती एकदम मोकळी होते. बांध, पाणी, पाण्यात उतरू नये अशी ताकीद, एकीकडे पिसारनाथ, दुसरीकडे लॉर्ड आणि इको पॉइंट. इथवर उतार असतो, म्हणून सगळे खुशीत असतात. बाजार वर आहे आणि परतीला हाच उतार चढ होणार आहे, हे तांबडी जाताना कुणाला सांगत नाही. घोडेवाले बाजारात घासाघीस करतात, तलावाशी मात्र नुसते उभे राहतात आणि विचारणाऱ्याला आधी त्याचे गुडघे पाहून मग भाव सांगतात.