पाण्यातली पोर : आजऱ्यात पाहिलेला ‘रिंगू २’

‘रिंगू २’ हा जपानी भयपट २३ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन हिदेओ नाकाता यांचे, पटकथा हिरोशी ताकाहाशी यांची. ३१ जानेवारी १९९८ रोजी आलेल्या ‘रिंगू’चा हा दुसरा भाग. पण तो दुसऱ्या खेपेला काढलेला दुसरा भाग होता. कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवरून ‘रिंगू’ निघाला, तेव्हा पुढच्या कादंबरीवरचा ‘रासेन’ हा चित्रपटही तयार होता आणि दोन्ही एकाच दिवशी जोडीने लागले. लोकांनी ‘रिंगू’ डोक्यावर घेतला आणि ‘रासेन’कडे पाठ फिरवली. मग ‘रासेन’ घडलाच नाही असे धरून नाकातांकडून नवा दुसरा भाग करून घेण्यात आला. प्रेक्षकांच्या नापसंतीतून जन्मलेला हा चित्रपट, म्हणून त्याच्याविषयी लिहिताना प्रेक्षकांपासून सुरुवात करणे योग्य ठरते. येथे ज्या प्रेक्षकांविषयी लिहायचे आहे ते कोल्हापूर जिल्ह्यातील आजऱ्याचे, एका घरच्या माजघरातले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच एक.

साल २००६, दिवस आषाढाचे. आजऱ्याचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते, रामतीर्थाचा धबधबा गढूळ होऊन कोसळतो आणि माणसे घरात अडकतात. त्या वर्षी भारनियमनही जोरात होते. पुण्याला शिकणारा एक चुलतभाऊ दोन्ही भागांच्या डीव्हीडी घेऊन आला होता. लागोपाठ दोन रात्री त्या पाहिल्या गेल्या. पहिल्या रात्री सात-आठ माणसे होती. दुसऱ्या रात्री शेजारपाजारची धरून पंधरा झाली. आजी, दोन काकू, कॉलेजात जाणाऱ्या चुलत बहिणी, शेजारचे निवृत्त शिक्षक आणि ‘झोपा’ म्हणून माडीवर पाठवलेली पण जिन्यात येऊन बसलेली पोरे. मधे परातीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या.

संवाद जपानी आणि खालच्या ओळी इंग्रजी. जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्या वाचता येत नव्हत्या, म्हणून ओळी मोठ्याने मराठीत सांगण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. या व्यवस्थेने पाहण्याची रीतच बदलली. पडद्यावरचे माणूस घाबरलेले दिसायचे आधी आणि ते काय म्हणाले हे कळायचे दोन क्षणांनी. त्या दोन क्षणांत माजघरात श्वासाचाही आवाज होत नसे. वाचणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते, कारण त्याच्या आवाजात कापरे आले की सगळ्या खोलीला कापरे भरते. चित्रपटगृहात प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत एकटा घाबरतो. इथे भीती एका तोंडातून सगळ्यांना वाढली जात होती, आणि हरदासाच्या तोंडून कथा ऐकण्याशीच त्याचे नाते अधिक जवळचे होते.

पहिल्या भागाची गोष्ट थोडक्यात अशी. एक शापित व्हिडिओ कॅसेट असते. ती पाहणारा सात दिवसांत मरतो. रेईको ही वार्ताहर तिचा छडा लावते आणि सादाको नावाच्या मुलीपर्यंत पोहोचते. मनाच्या बळावर माणूस मारण्याची शक्ती असलेल्या या मुलीला डोक्यात घाव घालून विहिरीत ढकललेले असते. सुटकेची वाट एकच : कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवणे. समीक्षकांनी या कल्पनेवर पुष्कळ लिहिले आहे, पण आजऱ्यात ती समजावून सांगावी लागली नाही. काकू लगेच म्हणाल्या, “अगं, ही तर संतोषी मातेची पत्रं!” अमुक इतकी पत्रे लिहून धाडा, भले होईल, फाडून टाकाल तर नुकसान होईल, अशी पोस्टकार्डे एके काळी महाराष्ट्रात घरोघर येत. विश्वास नसलेली माणसेही रात्री गुपचूप कार्डे लिहीत बसत. आपला जीव वाचवायला दुसऱ्याच्या दारात संकट नेऊन ठेवायचे, ही ‘रिंगू’तली खरी भीती त्या एका वाक्याने उघडी पडली.

सादाको टीव्हीतून बाहेर येते तो प्रसंग संपायला आणि लाईट जायला एकच गाठ पडली. त्यावर निघालेली किंकाळी तीन घरे ओलांडून गेली असावी. पण लाईट आल्यावरचा क्षण अधिक वाईट होता. टीव्ही आपोआप सुरू झाला आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. चित्रपटात कॅसेट सुरू होते ती अशाच मुंग्यांतून. बटण बंद करायला कोणी उठेना. शेवटी आजी उठली आणि तिने पिन उपसून काढली.

दुसऱ्या रात्री ‘रिंगू २’ लागला. आदल्या रात्रीच्या भीतीची चव जिभेवर होती आणि तीच पुन्हा मिळेल या आशेने माणसे आली होती. ती तशी मिळाली नाही. जगभरच्या बहुतेक प्रेक्षकांचे म्हणणे हेच आहे, की दुसरा भाग पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही. कारण सांगताना सात दिवसांचा नियम सुटल्याकडे बोट दाखवले जाते. पहिल्या भागात पडद्यावर तारीख येते, दिवस मोजले जातात आणि पाहणारा बोटांवर हिशेब करत राहतो. दुसऱ्यात शाप कुणावर, कधी, कसा पडेल याला धरबंध राहत नाही. निवृत्त गुरुजींनी हेच आपल्या शब्दांत सांगितले : “भुतालासुद्धा वेळ पाळावी लागते. न्हाईतर ते भूत न्हवं, नुसता गोंधळ.” मराठी भुताखेतांच्या सगळ्या गोष्टी या शिस्तीवर उभ्या आहेत. मुंजा पिंपळ सोडून जात नाही, वेताळाची पालखी ठरल्या रात्री निघते, चकवा शिवेवर लागतो. ठिकाण आणि वेळ कळली की माणूस सावध राहू शकतो, आणि सावध राहता येते म्हणून तर पोटात गोळा येतो.

दुसरी तक्रार मधल्या भागाविषयी. रेईकोचा लहानगा योइची याच्यात सादाकोची शक्ती शिरू लागते आणि एक डॉक्टर यंत्रे लावून, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यात ती उतरवून घ्यायचा घाट घालतो. तारा, मोजमापे आणि वैज्ञानिक परिभाषा यांत बराच वेळ जातो. बहिणी कंटाळल्या, एक काकू पेंगल्या. प्रस्तुत लेखकालाही ओळी सांगताना त्या रात्री तो भाग कोरडाच वाटला होता. पुढे त्यामागचा खरा इतिहास वाचनात आला आणि मत बदलले. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी १९१० मध्ये चिझुको मिफुने या तरुणीवर अतींद्रिय दृष्टीचे प्रयोग केले होते. बंद डबीतले शब्द ती न उघडता ओळखते असे सांगितले जाई. जाहीर प्रयोगानंतर फसवणुकीचे आरोप झाले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली, आणि १९११ च्या जानेवारीत तिने विष घेऊन जीव दिला. वय अवघे चोवीस. सादाकोच्या आईची गोष्ट, जाहीर प्रयोग, पत्रकारांचा गिल्ला आणि मग मिहारा ज्वालामुखीच्या मुखात घेतलेली उडी, ही या घटनेवरून उभी राहिली आहे. हे ठाऊक असलेल्याला तलावाकाठची यंत्रे निराळी दिसतात. ज्या प्रयोगाने एका बाईचा बळी घेतला, तोच प्रयोग तिच्या नातवाच्या वयाच्या पोरावर पुन्हा मांडलेला असतो.

सगळ्यात मोठा वाद मात्र भुतावरून झाला नाही. कानाए नावाची एक शाळकरी मुलगी ओकाझाकी या वार्ताहराला कॅसेट मिळवून देते. मिळवताना ती तिने स्वतः पाहिलेली असते, म्हणून ती त्याला विनवते की तू ही प्रत बघ, म्हणजे मी सुटेन. तो शब्द देतो, कॅसेट टेबलाच्या खणात टाकतो आणि पाहत नाही. मुलगी मरते. इथे कॉलेजातल्या बहिणी खवळून उठल्या. पडद्यावरच्या माणसाला त्यांनी मोठमोठ्याने शिव्या घातल्या, आणि पुढे त्याला कानाएचा चेहरा छळू लागला तेव्हा एकीने टाळी वाजवली. एक काका त्याची बाजू घेऊ लागले, की बघितली असती तर तोच मेला असता. त्यावर त्यांना मिळालेले उत्तर असे : “मग शब्द द्यायचाच न्हाई!” चित्रपट थांबवून दहा मिनिटे भांडण चालले. उपकथानक म्हणून बाजूला टाकला जाणारा हा भाग आजऱ्यातल्या मुलींना चित्रपटाचा गाभा वाटला, आणि त्यांचे बरोबर होते असे आज म्हणावेसे वाटते.

आजीची प्रतिक्रिया याहून वेगळी आणि आरंभापासूनची होती. ‘रिंगू २’ सुरू होतो तो सादाकोचा मृतदेह ओळखण्यासाठी तिच्या मामाला बोलावले जाते तेथून. तपासणीत निघते, की ती मेली आहे ती अलीकडे, वर्षा-दोन वर्षांपूर्वी. म्हणजे विहिरीत ढकलल्यावर ती त्या अंधारात, झाकण बसवलेल्या पाण्यात, सुमारे तीस वर्षे जिवंत होती. ही ओळ मराठीत सांगितली गेली तेव्हा आजीने आठळी सोलता सोलता हात थांबवला. “तीस वर्सं?” तिने विचारले. पुन्हा सांगावे लागले. मग कवटीवर माती चढवून तज्ज्ञ तिचा चेहरा घडवतात, शवपेटी मामाच्या ताब्यात येते आणि तो ती होडीतून नेऊन समुद्रात सोडतो. आजी जवळजवळ ओरडलीच : “पाण्यातनं काढली आणि परत पाण्यातच घातली व्हय? अरं, पोरीचं क्रियाकर्म तरी करा!”

त्यानंतर तिने चित्रपट भयपट म्हणून पाहिलाच नाही. आजऱ्याच्या परिसरात विहिरीला आणि पाण्याला जीव आहे असे मानतात. नदीकाठी, आडाजवळ शेंदूर लावलेले सात दगड असतात त्या साती आसरा. त्यांना हळद-कुंकू, हिरवी चोळी-बांगडी आणि दहीभात दिला जातो. पाण्यात गेलेल्या बाईचे काही मागणे असते, ते विचारून पुरे करायचे, ही रीत. जपानातही विहिरीतली बाई जुनीच आहे : हिमेजीच्या किल्ल्यात ओकिकूची विहीर आजही दाखवतात, जिथून थाळ्या मोजण्याचा आवाज येतो अशी दंतकथा आहे. अन्यायाने मेलेल्या अशा आत्म्याला तिकडे ‘ओन्र्यो’ म्हणतात. पण ओन्र्यो सूड घेतो, आणि ‘रिंगू’तल्या माणसांना सादाकोपासून सुटायचे असते. तिला काय हवे हे पहिल्या भागात विचारले जाते आणि विहिरीतून तिचा सांगाडा काढलाही जातो. तेवढ्याने भागत नाही. आजीच्या मते भागणार कसे, पुढचे कोणी केलेच नव्हते.

शेवटी योइचीला वाचवू पाहणारी तरुणी माई ताकानो आणि योइची विहिरीच्या तळाशी असतात. योइचीचा मेलेला बाप येऊन पोराच्या मनातली भीती आपल्याकडे मागून घेतो आणि वरून दोर खाली येतो. दोघे चढू लागतात. अर्ध्या वाटेवर मागून सादाको भिंतीला नखे रोवत सरसर वर येते, गाठते, तोंड वर करते. ते तोंड मातीने घडवलेले आहे, डोळ्यांत काही नाही. आणि ती, दोन्ही चित्रपटांत जवळजवळ मुकी राहिलेली मुलगी, एवढेच विचारते, की तुम्हीच तेवढे का सुटलात. मग खाली पडते.

ही ओळ वाचणाऱ्याला लगेच मराठीत आणता आली नाही. पोरे जिन्यातून “काय म्हणाली? काय म्हणाली?” विचारत होती. सांगितल्यावर कोणी किंचाळले नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. भयपट पाहताना रडू येणे हे अपयश मानायचे की नाही, यावर मते वेगळी असू शकतात. नाकातांना बहुधा ते हवेच असावे. २००५ मध्ये अमेरिकेत ‘द रिंग टू’ करायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी हा चित्रपट पुन्हा केला नाही. गोष्ट पार बदलली, तरी विहीर, चढण आणि टाकून दिलेली मुलगी सोडली नाही.

दुसऱ्या भागाने हळहळच लावावी असे काही नाही. पुढे २०१६ मध्ये, आंबोली घाट उतरल्यावर सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली, तेव्हा तेच माजघर पुन्हा भरले. २०१९ मध्ये तिचा दुसरा भाग काळाच्या मागे गेला आणि अण्णा नाईक व शेवंता यांच्यासाठी लोकांनी जेवणाच्या वेळा बदलल्या. तिथे मागची गोष्ट कळल्याने भूत अधिक भरीव झाले. सादाकोच्या बाबतीत मागची गोष्ट कळल्यावर भीती उरली नाही, एक मूल उरले.

‘रिंगू २’ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी परसातल्या आडाकडे पाणी शेंदायला जायला बहिणी तयार होईनात. पोहरा आत सोडला की दोर हाताला जड लागतो, असे धाकटी शपथेवर सांगत होती. चार दिवस आजीनेच पाणी काढले. मग पाऊस उघडला, चुलतभाऊ पुण्याला गेला आणि विषय मागे पडला.

भाद्रपदात सर्वपित्री अमावास्या आली. घरच्या पितरांची पाने वाढून झाली, कावळ्याचे पान कौलावर गेले, आणि आजीने आणखी एक केळीचे पान घेतले. ज्यांचे कोणी करणारे नाही त्यांच्यासाठी त्या दिवशी वाढायची पद्धत आहे, पण आमच्या घरात तसे पान कधी वाढले गेले नव्हते. कुणाचे म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, “त्या जपानच्या पोरीचं. तिचं कोण न्हाई, म्हणून मी वाढलो.” पान तिने आडाच्या काठावर नेऊन ठेवले. त्यावर घनसाळ तांदळाचा भात होता, वरण, लाल भोपळ्याची भाजी, वडा आणि खीर. शेजारी पाण्याचा तांब्या होता, तो मात्र तिने तिथून उचलून परत घरात आणला. “पाणी लई पिली ती,” एवढेच बोलली.