डोळ्यातलं फूल

टेंभुर्णी म्हटलं की तुम्हाला पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव आठवेल. आपण मात्र निघालोय जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीला. नाव त्या झाडाचंच, ज्याच्या पानांच्या विड्या वळतात.

गव्हाची मळणी चालू असेल तर इथे डोळे सांभाळा हं! कुसळ डोळ्यात गेलं, आपण चोळलं, जखम चिघळली, की बुबुळावर पांढरा डाग राहतो. खेड्यात म्हणतात, "डोळ्यात फूल पडलं."

पण दोस्तांनो, प्रत्येक फूल कुसळाचं नसतं. समजा, एका घरात बहीण-भाऊ दोघांच्याही दोन्ही डोळ्यांत डाग आहेत, लागलेलं मात्र काहीच नाही. उन्हात डोळे उघडवत नाहीत, फळा धुरकट दिसतो. मग कुणी दृष्ट काढतं, कुणी डोळ्यात मध घालतं. (हे मुळीच करू नका!)

बुबुळावर काचेसारखं पारपटल असतं, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. डॉक्टर हनुवटी टेकवायला सांगतात आणि प्रकाशाची बारीक फट तिरपी टाकून सूक्ष्मदर्शकातून बघतात. काकडीची चकती कापावी तसा पटलाचा छेद दिसतो, तोही सुरी न लावता! हा दिवा स्वीडनच्या गुलस्ट्रांड यांनी १९११ मध्ये दाखवला. भाकरीच्या चुऱ्यासारखे ठिपके आणि मधली जागा स्वच्छ असेल, तर आजार एक. मधली जागाही धुकट असेल, तर दुसरा. जर्मनीच्या ग्रोनो यांनी १८९० मध्येच हे दोन आजार नोंदवले होते.

याहून बारीक बघायचं तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. तो एका वेळी एकाच थरातला प्रकाश आत घेतो, बाकीचा अडवतो. त्यामुळे जिवंत डोळ्यातल्या पेशी, नसासुद्धा दिसतात. डोळा आधी थेंब टाकून बधिर करतात.

धुकट प्रकारात आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. दोघांची नजर चांगली असते, तरी प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे रीत. नात्यात तेच जनुक दोन्हीकडे असण्याचा संभव जास्त. शाप नाही, दृष्ट नाही, आईचा दोष तर नाहीच. हे जनुक २००० मध्ये सापडलं, आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या संशोधकांनी भारतीय कुटुंबांतले त्यातले नवे बदल २००३ मध्ये नोंदवले. जालन्याहून हैदराबादला थेट रेल्वे जाते.

नजर फारच गेली तर नेत्रदानातून मिळालेलं पटल बसवतात. पुढे कधीकधी त्यातही डाग येतात, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. आणि घरात एकाला असं फूल दिसलं, की धाकट्या भावंडांनाही त्या दिव्यासमोर बसवायचं.